मैलाच्या शर्यतीची घंटा

सौदीतल्या खमीस मुशैतमधल्या मराठी लोकांची वार्षिक सहल थंडी ओसरली की एखाद्या शुक्रवारी होते. शहराबाहेर एक इस्तिराहा भाड्याने घेतात. इस्तिराहा म्हणजे कुंपणाच्या भिंतीचं आवार, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मधे मोकळी जागा. या मोकळ्या जागेत दरवर्षी मैलाची शर्यत होते. मैल कुणी मोजलेला नाही. भिंतीच्या कडेने बारा फेऱ्या मारल्या की मैल होतो, असं फार पूर्वी कुणीतरी ठरवलं आणि पुढे ते तसंच चालू राहिलं.

शर्यतीनंतर दरवर्षी भांडण होतं. फेऱ्या मोजायचं काम कुणाकडे दिलेलं नसतं. सगळेच मोजतात, आणि मधेच कुणाचं लक्ष बिर्याणीच्या हंड्याकडे जातं, कुणाचा फोन वाजतो. पहिला आलेला माणूस अकराच फेऱ्या धावला, असं दुसरा आलेला म्हणतो. दुसरा तेरा धावला असंही एखाद्या वर्षी निघतं. अर्धा तास वाद चालतो, तोवर भात गार होतो. हे मी सलग सहा वर्षं पाहिलं.

मी इथे बायकोबरोबर आलो. ती इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे आणि माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तिच्या नोकरीवर आहे. त्याआधी बावीस वर्षं मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. इथे मला नोकरी नाही. त्यामुळे अर्ज लिहिणं, पत्रिकांचा मजकूर तपासणं अशी इथल्या मराठी मंडळाची कामं माझ्याकडे येतात.

शर्यतीचं बक्षीस द्यायचा मान चाचांचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावाहून ते छत्तीस वर्षांपूर्वी इथे आले. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान त्यांनी चालवलं. दुकानात कॉम्प्युटर होता, पण तो त्यांनी कधी वापरलेला मी पाहिला नाही. कुठल्या गाडीचा कुठला नट कुठल्या फळीवर, किती शिल्लक, हे ते मान वर न करता सांगत. वय चौसष्ट. मराठी मंडळींत त्यांना सगळेच चाचा म्हणतात, माझ्या बायकोसकट.

बक्षीस म्हणून अरबी कॉफीची पितळी किटली असायची. ती देण्याआधी चाचा टेबलावरचं मखमली फडकं उचलत. खाली एक पितळी घंटा असे, हातात धरून वाजवायची, लाकडी मुठीची. मग ते सांगत की ही घंटा त्यांच्या पणजोबांनी इंग्रजांच्या काळात मुंबईच्या कॉलेजात मैलाची शर्यत जिंकून मिळवली. पायांत काही न घालता, डोक्यावर पगडी ठेवून ते धावले आणि सगळ्यांच्या पुढे आले. गोष्ट एवढीच. ती सांगून झाली की घंटा पुन्हा फडक्याखाली जाई. ती वाजवायची परवानगी कुणालाच नव्हती.

गेल्या वर्षी सहलीच्या दोन महिने आधी चाचांनी मला दुकानात बोलावलं. त्यांनी कायमचं घरी जायचं ठरवलं होतं. दुकान एका केरळी माणसाने घ्यायचं नक्की केलं होतं आणि परतीच्या कागदांचं काम चालू होतं. गावात हायस्कूलचं नवं मैदान झालं होतं आणि त्याच्या फाटकाशी पणजोबांच्या नावाचा दगड बसवायचं भावांनी ठरवलं होतं. दगडावरचा मजकूर मी लिहून द्यावा, असं चाचांचं म्हणणं होतं.

त्यांनी काउंटरखालून कापडात गुंडाळलेली एक वही काढली. ती पणजोबांची. कॉलेजच्या दिवसांत त्यांनी ती लिहिली होती आणि सगळी मोडीत होती. घरात मोडी कुणाला येत नाही. नोकरीत असताना रविवारच्या पुरवणीच्या कामासाठी मी मोडीचा एक वर्ग केला होता, हे चाचांना माहीत होतं.

"शर्यतीचं पान शोधा," ते म्हणाले. "जिंकल्याचं त्यांच्या हातचं लिहिलेलं हाय, असं दगडावर टाका. मग कोण काय बोलणार नाय."

वहीच्या पानांचे फोटो काढून मी घरी नेले. बायको ड्यूटीला गेली की रोज सकाळी वाचत बसायचो. नजर सरावायला आठवडा गेला. त्यानंतर मजकूर बऱ्यापैकी लागू लागला.

वहीतला विद्यार्थी गोदीजवळ एका गाववाल्या व्यापाऱ्याच्या माडीवर राहत होता आणि कॉलेजला चालत जात होता. पहिली काही पानं बुटांबद्दल आहेत. गावाहून आणलेले बूट त्याने वर्गाच्या दाराशी काढून ठेवले, आणि गोऱ्या प्रोफेसरने त्याला परत पाठवून ते घालून यायला सांगितलं. बूट घालून शिकायला बसायचं, हे त्याला महिनाभर विचित्र वाटत होतं. गणितात तो हुशार होता. परीक्षेचे निकाल त्याने कसलाही शेरा न देता लिहिले आहेत, आणि गणितात त्याच्यापुढे कुणी गेल्याचं मला एकदाही आढळलं नाही.

कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना खेळांचं वेड होतं. मुलं पुस्तकावर वाकून वाकून कुबडी होतात, असं त्यांचं मत. त्यांनी वर्षातून एक दिवस धावणं, उड्या आणि रस्सीखेच यांच्यासाठी राखून ठेवला. मुलांना हा प्रकार पोरकट वाटला. एकाच्या वडिलांनी तर पत्र पाठवून विचारलं, की पळायला शिकवायचं असेल तर मुलगा गावातही पळतच होता, त्याला मुंबईला ठेवायची गरज काय. हे पत्र वसतिगृहात मोठ्याने वाचलं गेलं आणि तीन दिवस पुरलं, असं वहीत आहे. तरी खेळांच्या दिवशी सगळे मैदानावर आले. धोतराचा काचा घट्ट मारून, अनवाणी, आणि जवळजवळ सगळे पगड्या किंवा टोप्या घालून. चारचौघांत बोडक्याने फिरणं तेव्हा चालत नव्हतं, मग बोडक्याने धावणं तर दूरच.

मैलाच्या शर्यतीचं पान मला पंधराव्या दिवशी सापडलं. ते मी तीन वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. वाचण्यात चूक होत नव्हती.

चाचांचे पणजोबा धावले नव्हते. ते फेऱ्या मोजत होते.

गणितात पहिला म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्याला हे काम दिलं होतं. मैदानाला चार फेऱ्यांचा मैल होता. त्याने उजव्या खिशात चार चिंचोके ठेवले. पुढचा गडी चुन्याची रेषा ओलांडेल तसा एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा, आणि उजवीकडे एकच उरला की शेवटच्या फेरीची घंटा वाजवायची, अशी त्याची पद्धत होती. पहिल्या फेरीला ती नीट चालली. दुसऱ्या फेरीत मालवणकडच्या एका विद्यार्थ्याचा काचा सुटला. त्याने एका हाताने धोतर धरलं, दुसऱ्या हाताने पगडी धरली आणि तसाच धावत राहिला. मैदान हसून लोळायला लागलं. मोजणाराही हसत होता. त्या हसण्यात गडी रेषा ओलांडून गेले आणि दुसरा चिंचोका उजव्या खिशातच राहिला.

घंटा एक फेरी उशिरा वाजली. सगळे पाच फेऱ्या धावले. चौथीच्या शेवटी जो पुढे होता तो पाचवीत दमून मागे पडला, आणि धोतर सावरलेला मालवणकर पहिला आला. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हातात घड्याळ होतं. मैलाला इतका वेळ कसा लागला, असं त्यांनी विचारलं. त्यावर मोजणाऱ्याने काय केलं ते वहीत एका ओळीत आहे: "खिसा उलटा करून दाखविला व दोष माझा असे सर्वांसमक्ष सांगितले."

साहेबांनी त्या दोन्ही धावणाऱ्यांना बक्षीस दिलं. पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला जाईल, असं मोजणाऱ्याला वाटत होतं. साहेबांनी ते त्यालाच दिलं, त्याच्या पुढच्या वर्षीही दिलं. या दोन्ही वर्षी घंटा बरोबर वाजली. कॉलेज सोडताना साहेबांनी ती घंटा त्याला देऊन टाकली.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं. चाचांना वाईट वाटेल, असं ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली की काही न सांगता दगड बसला तर तुला वाईट वाटेल. दोन्ही बरोबर होतं. वर्तमानपत्रात आमचा एक नियम होता: ज्याच्याबद्दल छापायचं त्याला छापण्याआधी विचारायचं. पणजोबांना विचारता येत नव्हतं. चाचांना येत होतं.

मी दुपारी दुकानात गेलो. एक यमनी मेकॅनिक पाण्याच्या पंपासाठी आला होता. तो जाईपर्यंत थांबलो, मग ते पान आणि पुढच्या दोन वर्षांच्या नोंदी वाचून दाखवल्या, शब्दाला शब्द. चाचा स्टुलावर बसून ऐकत होते. धोतराच्या जागी ते हसले. पुढे हसले नाहीत.

"म्हणजे धावलेच नाय?" त्यांनी विचारलं.

धावले नाहीत, असं मी सांगितलं.

"तीनही वर्षं?"

तीनही वर्षं. एवढ्यात तो मेकॅनिक परत आला. पंपाचं गॅस्केट राहिलं होतं. चाचांनी मागे न बघता हात मागे नेऊन फळीवरून ते काढून दिलं. तो "खलास" म्हणून गेला.

मग चाचा बोलू लागले. ते स्वतः सातवीपर्यंत शिकले, वडील चौथीपर्यंत, आजोबा जहाजावर गेले. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला माणूस तो एकच, आणि गावातलाही पहिला. गावात भांडण झालं की समोरचा म्हणायचा, तुमच्यात शिकलंय कोण. मग यांच्याकडून घंटेची गोष्ट निघायची. छत्तीस वर्षं परक्या मुलखात नटबोल्ट विकून घरी जाताना एक दगड तरी आपल्या नावचा असावा, एवढंच त्यांना हवं होतं. आता त्या दगडावर काय टाकायचं? आमचा पणजोबा कडेला उभा होता, हे?

मग त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला.

"कॉलेजात होते ना पण? तेवढं तरी खरं?"

"होते," मी म्हणालो. "आणि गणितात त्यांच्यापुढे कुणी नव्हतं."

मग त्यांनी शर्यतीच्या दिवसाचं पान पुन्हा वाचायला सांगितलं, विशेषतः चिंचोक्यांचा भाग. चिंचोके चारच का, पाचवा हाताशी का ठेवला नाही, पहिली फेरी सुरू होताना टाकायचा की संपताना, असं विचारत राहिले. संपताना, असं मी सांगितलं. शेवटी म्हणाले की सहलीच्या शुक्रवारपर्यंत हे कुणाला सांगू नका. दगडावर त्यांना काय हवं आहे, ते तेव्हाही मला कळलं नाही. मी घरी येऊन दोन मजकूर तयार केले. एकात शर्यतीचा उल्लेखच नव्हता. पणजोबा कॉलेजात गेलेले गावातले पहिले, एवढंच होतं. दुसऱ्यात त्याखाली फेऱ्या मोजल्याचंही होतं, चुकल्याचं नव्हतं. दोन्ही खरे होते. दोन्ही खिशात ठेवून मी सहलीला गेलो.

त्या शुक्रवारी सकाळी धुकं होतं, नऊनंतर ऊन पडलं. भिंतीपलीकडे जुनिपरची झाडं आहेत आणि तिकडून बबून माकडांची टोळी येते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशीही सात-आठ बबून भिंतीवर येऊन बसले. बायकांनी केळ्यांचा घड खोलीत नेऊन दार लावलं.

शर्यतीला पाच जण होते. जिंकण्याजोगे दोनच: हॉस्पिटलातला एक एक्स-रे तंत्रज्ञ आणि रस्त्यांच्या कामावरचा एक अभियंता. गेली चार वर्षं भांडण या दोघांतच व्हायचं. अभियंत्याने नवे बूट आणले होते, पण ते टाच चावतात म्हणून काढून भिंतीशी ठेवले आणि तो अनवाणी उभा राहिला.

एरवी बक्षिसाच्या वेळी निघणारी घंटा चाचांनी आधीच बाहेर काढली. अंगात सदरा होता, त्याला दोन्ही बाजूंना खिसे. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले की आजवर जी गोष्ट सांगितली ती चुकीची होती, खरी आता ऐका. मग त्यांनी ती सांगितली. वहीतल्या क्रमानेच सांगितली, बूट, वडिलांचं पत्र, पगड्या, सुटलेला काचा, उलटा केलेला खिसा. एकही गोष्ट वाढवली नाही. लोक काच्यापाशी खूप हसले. उलट्या खिशापाशी कमी.

"तर यंदा फेऱ्या मी मोजणार," चाचा म्हणाले. "चिंचोके इथे मिळाले नाय. खजुराच्या बिया घेतल्या. बारा."

तंत्रज्ञाने विचारलं की चाचा, तुमच्याकडून चुकलं तर. चाचांनी सांगितलं की चुकलं तर तूही तेरा धाव, पणजोबांच्या वेळी कुणी मेलं नाही. माझी बायको म्हणाली की तेराव्या फेरीला मी जबाबदार नाही, इतक्या उंचीवर हवा विरळ आहे. पाचही जण रेषेवर उभे राहिले. चाचांनी "यल्ला" म्हटलं आणि ते सुटले.

मी चाचांच्या शेजारी उभा होतो. आपण शर्यत पाहायची की चाचांना, हे मी लवकरच ठरवलं. ते धावणाऱ्यांकडे बघतच नव्हते. आम्ही जमिनीवर पिठाने रेषा आखली होती. त्यांची नजर त्या रेषेवर होती, तिच्या दोन्ही बाजूंना हातभर, त्यापलीकडे नाही. पुढच्याचे पाय रेषेवरून गेले की उजव्या खिशातला हात बाहेर यायचा, डाव्यात जायचा.

नवव्या फेरीत तो प्रकार झाला. भिंतीवरचा एक बबून खाली उतरला, अभियंत्याच्या बुटांतला एक त्याने उचलला आणि तो घेऊन परत भिंतीवर चढला. अभियंता तेव्हा पुढे होता. तो थबकला, दोन पावलं भिंतीकडे गेला, दोन पावलं परत आला, बबूनला मराठीत काही सुनावलं आणि पुन्हा धावू लागला. बबूनने बूट हुंगला आणि पलीकडे टाकून दिला. सगळं आवार ओरडत होतं. माझी बायको हसून खाली बसली. लोक चाचांना हाका मारत होते, चाचा, ते बघा, बघा तरी. त्यांनी मान वळवली नाही. तंत्रज्ञाचे पाय रेषेवरून गेले आणि खजुराची एक बी डाव्या खिशात पडली.

अकरा झाल्या तशी त्यांनी घंटा उचलली आणि वाजवली. तिचा आवाज आमच्यापैकी कुणीच आधी ऐकलेला नव्हता. चाचांनीही नाही. घंटेच्या आकाराच्या मानाने तो मोठा होता. भिंतीवरचे बबून उठले आणि झाडांत गेले.

तंत्रज्ञ पहिला आला, अभियंता आठ-दहा पावलं मागे. अभियंत्याने दम घेतला आणि सवयीने म्हणाला की मी तेरा धावलोय. चाचांनी डावा खिसा टेबलावर रिकामा केला आणि उजवा उलटा करून दाखवला. अभियंत्याने बिया दोनदा मोजल्या. बारा होत्या. तो बूट शोधायला भिंतीपलीकडे गेला. वाद झाला नाही, त्यामुळे त्या वर्षी बिर्याणी गरम मिळाली.

जेवण झाल्यावर चाचा माझ्याजवळ येऊन बसले. मी दोन्ही मजकूर वाचून दाखवले. पहिला त्यांनी हातानेच बाजूला सारला. दुसरा पुन्हा वाचायला लावला.

"यात चुकल्याचं नाय," ते म्हणाले.

ते टाकायची गरज नाही, मोजणारा तीन वर्षं मोजत होता हे खरंच आहे, असं मी म्हणालो.

"वहीत त्यांनी स्वतः लिहिलंय. तुम्ही कशाला गाळता? एकदा चुकले, लिहा."

मी पेन काढून ते वाक्य घातलं. मग अचूकतेसाठी 'पहिल्या वर्षी' असंही घातलं. चाचांनी मान डोलावली. कागद घडी करून त्यांनी डाव्या खिशात ठेवला आणि मग विचारलं, नवव्या फेरीला सगळे बोंबलत का होते. मी बबूनचं आणि बुटाचं सांगितलं. सांगताना मधे दोनदा थांबावं लागलं, कारण चाचा हसताना खोकू लागले होते आणि माझी बायको पाणी आणायला उठली होती.

महिन्याभराने ते गेले. घंटा हातातल्या पिशवीतून नेली. विमानतळावर ती तपासणीत काढायला लावली आणि वाजवून बघितली, असं त्यांनी पोचल्यावर फोनवर सांगितलं. पावसाळ्याआधी त्यांच्याकडून दगडाचा फोटो आला. मी तो मोठा करून जुन्या सवयीने अक्षर अन् अक्षर तपासला. नावाखाली तीन ओळी होत्या:

या गावातून कॉलेजात गेलेले पहिले.
कॉलेजच्या शर्यतींत तीन वर्षं फेऱ्या मोजल्या.
पहिल्या वर्षी एकदा चुकले, ते सर्वांसमोर सांगितले.

शेवटचे तीन शब्द माझ्या मजकुरात नव्हते. ते चाचांनी घातले होते. मी वहीचं पान पुन्हा उघडून ताडून पाहिलं. बरोबर होते.